जुन्या टाटा-मर्सिडीजच्या मागच्या कमानीचं ब्रॅकेट हलते: वेल्डिंग मारू, की शेकल काढून स्लिपर बसवू?

मातीवाला_वणी

राम राम मंडळी. प्रश्न थोडा लांब हाय पण सगळं सांगतल्याशिवाय कोणाले अंदाज येणार नाही म्हणून बैजवार लिहितो.

घरी बाबांची जुनी टाटा-मर्सिडीज हाय, समोरच्या जाळीवर तारा असलेली. टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) जर्मनीच्या डाइमलर-बेंझसोबत करार १९५४ ते १९६९ होता, त्याच काळातली. पहिले कापसाच्या गठाणी वाहिल्या, मंग काही वर्षं कोळसा, मंग बाबा थकले अन् गाडी खळ्यात उभी झाली. इंजिन बोलते, गिअरबॉक्स चांगला हाय. मले धंदा करायचा नाही तिच्यावर, पण ती पुन्हा रोडवर पायजे, दिवाळीच्या टायमाले घरचा कापूस तिच्यातच भरून जिनिंगले न्यायचा हाय. बाबांच्या डोळ्यासमोर.

आता मागचं काम काढलं तर उजव्या बाजूच्या कमानीचं (एकावर एक पोलादी पट्ट्यायची स्प्रिंग) पुढचं ब्रॅकेट, म्हणजे ज्याच्यात मेन पट्ट्याचा कान पिननं अडकते ते, पहार लावली की हलते. रिव्हेटच्या डोक्याभोवती लाल भुकटी जमली हाय, पुसली तरी गाडी थोडी मागंपुढं केली की पुन्हा निघते. खालच्या रिव्हेटच्या भोकापासून चेसिसच्या खालच्या आडव्या पट्टीकडं बोटभर चीर गेली हाय, रॉकेलनं धुतल्यावर दिसली. मागच्या टोकाचे शेकल (कमानीचा कान झुलता ठेवणारे जोड) तर पार गेले, पिनले नख अडकन अशी खाच पडली अन् पिनभोवतीच्या बुशाची भोकं लांबट झाली.

गावातला वेल्डर म्हणते ब्रॅकेटच्या चारी बाजूनं वेल्डिंग मारून टाकू, जिंदगीभर हलणार नाही. दुसरा एक मिस्त्री म्हणते शेकलचं झंझटच काढ, नव्या गाडीचं स्लिपर ब्रॅकेट बसव, पट्टा नुसता आत सरकत राहीन, ना पिन ना ग्रीस. दोघंही अनुभवी हायेत, म्हणून गोंधळलो.

अन् एक मनातलं. काही गाड्यायले मागं शेकल, काहीले नुसता सरकता पट्टा, अन् मिलिटरीच्या जुन्या सहाचाकी गाड्यायले तर कमान उलटीच. एकाच कामासाठी इतके प्रकार काऊन? जाणकारांनी सांगावं.

कमानीवाला_हिंगणघाट

बापू, वेल्डिंगचं नाव काढू नोको. मी हायवेवर कमानीचंच काम करतो, वेल्डिंग मारलेली ब्रॅकेटं माह्याकडं येतच असतात, अन् सगळ्यायची कहाणी एकच असते, ब्रॅकेट जाग्यावर घट्ट अन् वेल्डिंगच्या काठानं चेसिस फाटलेली. वेल्डर खोटं नाही बोलत, ब्रॅकेट खरंच हलत नाही, पण मंग जे हलायचं ते चेसिसमंधी हलते.

ते लाल भुकटी म्हणतो ना तू, ते लोखंड लोखंडावर घासून निघालेली जंग हाय. म्हणजे रिव्हेटनं पकड सोडली अन् ब्रॅकेट रोज केसभर सरकत होतं. चीर त्याच्यामुळं आली. आधी चीर नाही आली, आधी रिव्हेट ढिला झाला. म्हणून नुसती चीर भरून काम होणार नाही, पकड परत आणा लागन.

एक काम कर, आधी पाय नीट. दुसऱ्या पट्ट्याचं पुढचं टोक मेन पट्ट्याच्या कानावरून अर्धं वळवलेलं हाय का? असन तर त्याच्यात अन् कानात थोडी फट पायजे, चिकटलेलं नसावं. मेन पट्टा कानापाशी तुटला तर तेच टोक हौजिंगले (मागच्या धुऱ्याच्या पेटीले) धरून ठेवते. ते जर घासून पातळ झालं असन तर तो पट्टाही बदल, पैसे वाचवू नोको तिथं.

यू-बोल्ट (कमान हौजिंगले आवळणारे) तर नवेच टाक, जुने वापरायचे नाई. लोकायले वाटते सेंटर बोल्ट हौजिंगले जाग्यावर ठेवते. नाई. सेंटर बोल्ट फक्त पट्टे एका ओळीत ठेवते अन् बसवताना जागा दाखवते, खरी पकड यू-बोल्टच्या दाबाची. यू-बोल्ट ढिला झाला की सेंटर बोल्टवर जोर येते, तो कटते, अन् हौजिंग मागं सरकते. गाडी तिरपी चालते ती मंग.

चेसिस_नागपूर

हिंगणघाटच्या दादांनी बरोबर सांगितलंय. मी थोडं "काऊन" बद्दल लिहितो कारण ते कळलं की वेल्डिंग आणि स्लिपर दोन्हीचं उत्तर आपोआप मिळतं.

कमान फक्त वजन झेलते असं आपण धरून चालतो. तुमच्या गाडीत ती त्याहून बरंच काही करते. तुमच्या हौजिंगला वेगळे रॉड नाहीत, बरोबर ना? म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत गेला, चाकाने रस्ता मागे ढकलला, आणि मग त्या हौजिंगने अख्खी गाडी पुढे ढकलायची ती कशातून? मेन पट्ट्याच्या पुढच्या अर्ध्या भागातून, कानातून, पिनमधून, आणि त्या पुढच्या ब्रॅकेटमधून. ब्रेक मारला की उलट, तोच पट्टा ब्रॅकेटला मागे ओढतो. त्यात हौजिंग स्वतःभोवती फिरू बघते, गिअर टाकला की एका दिशेने आणि ब्रेकला दुसऱ्या दिशेने, तो पीळही पट्टेच झेलतात, चढावर भरलेली गाडी उचलताना बाजूने बघा, कमान किंचित एस आकाराची होते. म्हणजे तुमचं जे ब्रॅकेट हलतंय ते वजनाचं ब्रॅकेट कमी आणि गाडी ओढणारं ब्रॅकेट जास्त. पुढे ढकल, मागे ओढ, पुढे ढकल, प्रत्येक क्लचला आणि प्रत्येक ब्रेकला. रिव्हेट ढिले होतात ते याने.

आता मागचं टोक. वजन पडलं की वाकडी कमान सरळ होते आणि सरळ झाली की दोन कानांमधलं अंतर वाढतं. दोन्ही टोकं पक्की बांधली तर पट्टा तरी मोडेल नाहीतर ब्रॅकेट तरी उखडेल. म्हणून एक टोक मोकळं ठेवावंच लागतं. शेकल हा त्याचा जुना उपाय, दोन पट्ट्या आणि दोन पिना, कान मागेपुढे झुलतो. पुढचं टोक पक्कं आणि मागचं झुलतं ठेवायलाही कारण आहे. हौजिंग वरखाली होताना पुढच्या पिनभोवती गोलाकार रेषेत फिरते, आणि जॉइंट-शाफ्टसुद्धा (इंजिनाचा जोर मागे हौजिंगपर्यंत नेणारा दांडा) पुढूनच येतो, त्यामुळे दोघांच्या फिरण्यात फार फरक पडत नाही आणि शाफ्टच्या सरकत्या जोडावर ताण कमी येतो.

शेकलचेही दोन प्रकार असतात आणि हे बघून घ्या. चेसिसकडची पिन वर आणि पट्ट्याचा कान खाली असेल तर वजनाखाली शेकल दाबला जातो. चेसिसकडची पिन खाली आणि कान वर असेल तर शेकल ताणला जातो. ताणलेला शेकल आपोआप सरळ राहतो. दाबलेला शेकल, बुश झिजले की, बाजूला कलायला बघतो, मग भरलेली गाडी वळणावर मागून डुलते. तुमचा वर पिन खाली कान असणार असा माझा अंदाज आहे, म्हणून बुश लांबट झालेले असताना गाडी कापूस भरून रस्त्यावर काढू नका. कापूस वजनाला हलका पण उंच भरला जातो, डुलणं तिथेच जास्त.

वेल्डिंगबद्दल एकच. चेसिसचा चॅनल वाकतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीत येतो, उभ्या बाजूच्या मधोमध सगळ्यात कमी. म्हणून जुन्या चांगल्या कारखान्यांनी ब्रॅकेटचा मुख्य भार उभ्या बाजूवर रिव्हेट मारून दिला आणि आडव्या पट्टीत शक्यतो भोकं पाडली नाहीत. चारी बाजूने वेल्डिंग मारलं की तुम्ही सगळ्यात जास्त ताणाच्या जागी आडवा टाका घालता. कडेला उष्णतेने लोखंडाचा पोत बदलतो आणि चीर तिथूनच निघते.

घुग्गुस_टिप्पर

सगळं मान्य, पण स्लिपरला एवढं घाबरायचं काय कारण? आमच्याकडे खाणीवर चालणाऱ्या कितीतरी गाड्यांना मागे सरकता पट्टाच आहे आणि दिवसरात्र कोळसा वाहतात. कोळशाची भुकटी शेकलच्या पिनमध्ये शिरली की ग्रीससोबत तिचा मसाला तयार होतो आणि पिन कानशीसारखी घासली जाते. पावसाळ्यात काळी माती चिकटून सुकली की ग्रीस भरायचं निप्पलच सापडत नाही. सरकत्या पट्ट्याला ही कटकट नाही. झिजला तर पॅड बदला. मिस्त्री चुकीचं सांगत नाहीये.

शिवाय अजून एक फायदा कोणी बोललं नाही. स्लिपरचं पॅड गोलाईदार असतं, वजन वाढलं की पट्टा पॅडला आतल्या बाजूला टेकायला लागतो, म्हणजे कमानीची कामाची लांबी कमी होते आणि ती आपोआप कडक होते. रिकामी गाडी मऊ, भरलेली गाडी कडक. शेकलमध्ये हे होत नाही, त्यासाठी वर हेल्पर कमान (जास्त वजनाला मदत करणारी दुसरी कमान) लावावी लागते.

चेसिस_नागपूर

घुग्गुसच्या भाऊंचा मुद्दा रास्त आहे, स्लिपर वाईट नाहीच. पण ज्या गाडीला कारखान्याने स्लिपर दिलं तिचा अख्खा हिशोब तसा केलेला असतो. मेन पट्ट्याचं मागचं टोक बिनकानाचं आणि बरोबर लांबीचं असतं, ब्रॅकेटला दोन्ही बाजूंनी गाल असतात म्हणजे पट्टा आडवा सरकत नाही, आणि खाली एक पिन असते म्हणजे गाडी खड्ड्यात उसळली तर पट्टा बाहेर निसटत नाही. काही गाड्यांत तर दोन्ही टोकं सरकती असतात आणि पुढे ढकलायचं काम वेगळे टॉर्क रॉड करतात.

आता तुमच्या या जुन्या गाडीवर तेच बसवायचं तर दोन्ही बाजूचे मेन पट्टे बदलले, चेसिसवर नवी भोकं पाडली, ब्रॅकेटची उंची जुळली नाही तर गाडी एकतर मागून बसली किंवा उचलली, त्याने हौजिंगचा कोन बदलला आणि जॉइंट खायला लागला. शिवाय हेल्पर कमान आहेच, तिची टोकं रिकाम्या गाडीत पॅडपासून सुटी असतात आणि वजन पडल्यावर टेकतात, ती फट पण बिघडणार. आणि इतकं करून पुढचं ब्रॅकेट, जिथे खरा आजार आहे, ते तसंच राहतं. शेकलच्या पिना-बुश नवे टाकून जे काम होतं त्यासाठी एवढा खटाटोप मी तरी करणार नाही, आणि ही गाडी तर मुळासारखीच राहायला हवी असं मला मनापासून वाटतं. आपल्या भागात अशा ताऱ्याच्या गाड्या धड अवस्थेत उरल्यात किती?

सागवान_आलापल्ली

उलट्या कमानीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, माझा जीव त्यातच आहे.

मागे दोन धुरे आले की मोठा प्रश्न हा असतो की दोन्ही धुऱ्यांवर वजन सारखं राहायला पाहिजे. चार स्वतंत्र कमानी लावल्या आणि एक चाक नाल्याच्या काठावर चढलं तर सगळं वजन त्याच धुऱ्यावर, दुसरा जवळपास अधांतरी. म्हणून दोन्ही धुऱ्यांच्या मधोमध चेसिसला एक जाड आडवी दांडी, ट्रनियन, बसवायची, त्यावर कमान मधोमध पालथी बांधायची आणि तिची दोन टोकं दोन धुऱ्यांवर टेकवायची. कमान त्या दांडीवर अख्खी झुलते, एक धुरा वर गेला की दुसरा खाली दाबला जातो. कमानीची टोकं धुऱ्यावर नुसती टेकलेली म्हणून ढकलणं, ओढणं आणि पीळ हे सगळं टॉर्क रॉडकडे. अमेरिकेची दुसऱ्या महायुद्धातली जीएमसी सीसीकेडब्ल्यू, अडीच टनी सहाचाकी ड्राइव्हची, ५ लाखांहून जास्त बनल्या, तिची मागची रचना हीच. आमच्याकडे जंगलातून लाकूड काढायला मिलिटरी डिस्पोजलच्या गाड्या होत्या असं जुने लोक सांगतात आणि त्यांच्या बोलण्यात हे नेहमी येतं की नाल्यात उतरली तरी मागची चाकं जमीन सोडत नव्हती.

दुसरा रस्ता शिकागोच्या हेंड्रिक्सनने १९२६ मध्ये काढला. दोन्ही धुऱ्यांना जोडणारी एक जाड बीम खालून टाकायची आणि तिच्या मध्यावर गाडीचं वजन द्यायचं. एका धुऱ्याचं चाक दगडावर चढलं की बीमचं एक टोक जेवढं उचललं जातं त्याच्या निम्मंच मध्य उचलला जातो, म्हणजे चेसिसला धक्का निम्मा. १९३३ ते १९४८ ही रचना त्यांनी फक्त इंटरनॅशनल हार्वेस्टरला दिली, नंतर सगळ्यांना. इंग्लंडच्या स्कॅमेल पायोनियरने तर त्याहून वेगळं केलं, मागे एकच धुरा आणि त्याच्या दोन्ही टोकांना झुलत्या गिअरच्या पेट्या, प्रत्येक पेटीवर पुढेमागे दोन चाकं. चाकं एवढी वरखाली होतात की फोटो बघून गाडी मोडलीय असं वाटतं.

एक तिसरा प्रकार, दोन्ही धुऱ्यांना वेगळी कमान आणि दोन कमानींच्या मधे एक झुलता तुकडा. उभ्या गाडीत वजन छान वाटलं जातं. पण ब्रेक मारला की हौजिंगचा पीळ त्या तुकड्यातून दुसऱ्या कमानीत जातो आणि एक धुरा जड, दुसरा हलका होतो, हलक्या धुऱ्याची चाकं ब्रेकला उड्या मारतात. हा दोष काढण्यासाठी पुढे क्रँक आणि रॉड घालून वेगळ्या रचना आल्या. मातीवाला भाऊ, प्रकार इतके का असं विचारलंत ना, वजन पेलणं, गाडी ढकलणं आणि पीळ धरणं ही तीन कामं कोणाकोणात वाटायची, इतकाच फरक आहे सगळ्यांत. तुमच्या गाडीत तिन्ही कामं त्या कमानीकडेच आहेत, म्हणून तिची ब्रॅकेटं जपा.

मातीवाला_वणी

सगळ्यायचे खूप आभार. वेल्डिंग रद्द, स्लिपर रद्द. वेल्डरभाऊले समजावून सांगतलं, त्यालेही पटलं.

आज पट्टे उलगडून पायले. दुसऱ्या पट्ट्याचं टोक वळवलेलंच हाय अन् शाबूत हाय. शेकलची पिन वर अन् कान खाली, म्हणजे नागपूरच्या सरांचा अंदाज बरोबर. उजव्या बाजूचा सेंटर बोल्ट मधोमध ठेचला गेला हाय, पुरा कटला नाही पण वाकला. आता दोन गोष्टी सांगा. रिव्हेट काढून पुन्हा रिव्हेटच मारायचे का बोल्ट चालतीन? गरम रिव्हेट मारणारा आता आमच्याकडं कोणी राह्यला नाही. अन् हौजिंग सरकली का नाही हे घरच्या घरी कसं मोजायचं?

कमानीवाला_हिंगणघाट

बोल्ट चालते, पण कसाही नाही. सांगतो तसं कर.

गाडी समतल जागेवर, चेसिस घोड्यांवर, कमानीवरचं वजन पूर्ण काढलेलं. बॅटरीचे वायर सोडून ठेव. रिव्हेटचं डोकं ग्राइंडरनं घास, मधात सेंटर पंच मार, ड्रिलनं बारीक भोक पाड अन् मंग पंचनं ठोकून काढ. गॅसनं कापायचं नाही, कितीही घाई असो, कारण गॅसनं चेसिसचं भोक जळते अन् त्याचा काठच पुढची चीर होते. ब्रॅकेट काढल्यावर भोकं पाय, एखादं लांबट झालंच असन. ते रीमरनं (भोक घासून गोल करायचं हत्यार) एक साइझ वर गोल कर, ब्रॅकेट अन् चेसिस एकत्र पकडून, म्हणजे दोन्हीची भोकं एका रेषेत येतीन.

बोल्ट हाय टेन्साइल घे, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेला, अन् लांबी अशी की भोकात बोल्टचा गुळगुळीत भाग आला पायजे, आटे नाई. आटे भोकात आले की ते काठ खातात अन् पुन्हा तीच भुकटी. भोकात बोल्ट हातोडीच्या हलक्या ठोक्यानं गेला पायजे, बोटानं ढकलून गेला तर तो ढिला समज. कडक वॉशर अन् नायलॉक नट (आपोआप ढिला न होणारा).

चिरीचं काम त्याच्या आधी. चीर जिथं संपते त्याच्या जरा पुढं बारीक भोक पाड, म्हणजे ती पुढं पळणार नाही. मंग चिरीले व्ही आकाराची खाच काढ, ७०१८ नंबरची सुकी वेल्डिंग रॉड वापरून भर, अन् दोन्हीकडून घासून सपाट कर. या एका ठिकाणी वेल्डिंग बरोबर हाय, अन् तुह्या वेल्डरभाऊचा हात चांगला असन तर त्यालेच दे. आतून चॅनलची पट्टी लावायची असन तर ती ब्रॅकेटच्या बरोबर काठावर संपवू नोको, दोन्हीकडं चांगली पुढं ने अन् टोकं तिरपी काप. सरळ कापलेल्या टोकापाशी चेसिस एकदम कडकची नरम होते, तिथंच मोडते.

चेसिस_नागपूर

मोजण्याबद्दल. ओळंबा घ्या, गवंड्याचा चालेल. चारही कमानींच्या पुढच्या पिनांच्या मध्यातून, म्हणजे पुढच्या धुऱ्याच्या दोन आणि मागच्या दोन, ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करा. मागच्या हौजिंगच्या दोन्ही टोकांच्या मध्याच्याही करा. मग गाडी ढकलून बाजूला घ्या आणि जमिनीवरच मोजा, गाडीखाली वाकून टेप धरण्यापेक्षा हे कितीतरी बिनचूक. आधी चार पिनांच्या खुणांचे कर्ण मोजा, दोन्ही सारखे आले तर चेसिस चौकोनात आहे. मग मागच्या डाव्या पिनपासून हौजिंगच्या डाव्या खुणेपर्यंत आणि उजवीकडे तसंच. कर्ण सारखे पण हे अंतर वेगळं, तर हौजिंग सरकलीय आणि नवा सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट टाकले की जागेवर येईल. कर्णच वेगळे आले तर कमानीला हात लावायच्या आधी इथे आकडे लिहा.

कमानीवाला_हिंगणघाट

अन् यू-बोल्ट कसताना गाडीचं वजन कमानीवर आलं पायजे, नट तिरपे एकमेकासमोरचे थोडे थोडे आवळत जाय. पहिला कापूस खाली करून आला की त्याच दिवशी पुन्हा पाना लाव, नवे पट्टे अन् नवे बोल्ट बसतात अन् नट हमखास फिरते. शेकलले ग्रीस देताना जॅक चेसिसले लाव, हौजिंगले नाही. हौजिंग लोंबली की पिनच्या दाबलेल्या बाजूलेही ग्रीस जाते, नाहीतर नुसती मोकळ्या बाजूनं बाहेर येते अन् आपल्याले वाटते भरली. पट्ट्याच्या क्लिपा विसरू नोको, त्यायच्याबिगर गाडी उसळली की सगळा ताण एकट्या मेन पट्ट्यावर. काही अडलं तर पट्टे घेऊन हिंगणघाटले ये, गोलाई मी मारून देतो.